कॉलरवालीची पिपाणी

आमच्या मजल्यावर बोलायला बंदी होती, गायला नव्हती. मालकाचं म्हणणं असं की बाई बोलायला लागली की मान वळते आणि मान वळली की टाका वाकडा जातो. गाताना मान सरळ राहते. त्या माणसाने आयुष्यात एवढं एकच शहाणपण दाखवलं, आणि तेही आमच्याच कामी आलं.

शर्टांचा कारखाना, तिसरा मजला. एका बाजूला लांबलचक खिडक्या, काचांवर कापसाच्या तुसाचा थर, त्यातून गाळून आलेलं पिवळट ऊन. दुसऱ्या बाजूला चिंध्यांची पोती, आणि मधे मशिनींच्या रांगा. मशीनचं तेल, तापलेली इस्त्री आणि कोरं कापड यांचा मिळून एक वास असतो. अजूनही कुठे तो वास आला की माझा पाय टेबलाखाली पायडल शोधायला लागतो.

एका रांगेत एक शर्ट जन्माला यायचा. खांदे, बाह्या, कॉलर, बाजू, काज, बटण. आपल्या वाटणीचं शिवून झालं की छोटं बंडल पुढचीकडे सरकवायचं. कधी सरकवायचं, यात आमची खरी गंमत होती. एक बाई कडवं म्हणायची, बाकीच्या धृपद उचलायच्या, आणि धृपदाचा शेवटचा शब्द पडला की सगळ्या रांगांतले सगळे उजवे हात एकदम पुढे. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. ही रीत कुणी पाडली कोण जाणे. माझ्या आधीच्या बायकांनाही माहीत नव्हतं. तिचा फायदा असा की कुणाच्या डोक्यावर ढीग साचत नव्हता आणि कुणी हात चोळत बसत नव्हतं. नवीन बाई आली की तिला आधी गाणं शिकवायचो, मशीन मागाहून.

माझ्या पुढच्या मशीनवर कॉलरवाली बसायची. मी बाह्यांवर, ती कॉलरवर. कितीतरी वर्षं मी तिची पाठ बघितली. नवऱ्याची पाठ मी इतकी बघितली नसेल. कॉलरचं काम सगळ्यांत नाजूक. टोकाशी आलं की सुई कापडात ठेवूनच पाय उचलायचा, कापड वळवायचं, पाय खाली टाकायचा. जरा घाई झाली की टोक बोथट, आणि बोथट टोकाचं बंडल चेकिंगच्या टेबलावरून तोंडावर परत. कॉलरवालीचं बंडल मी परत आलेलं पाहिलं नव्हतं. बाई बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. नवरा लवकर गेलेला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात ती आणि तिची मुलगी. मी भिंतीपलीकडे. भिंत अशी की त्यांनी कूस बदलली तरी मला कळायचं.

ती मुलगी म्हणजे पिपाणी. लहानपणी आवाज इतका बारीक आणि चिरका की ती रडायला लागली की दुकानातला सायकलवाला म्हणायचा, टायर पंक्चर झाला वाटतं. नाव पडलं ते चिकटलं. पुढे वयात आल्यावर तिचा आवाज जाड झाला, खाली उतरला, त्यात थोडी खरखर आली, तरी आमच्यासाठी ती पिपाणीच. आज तिचं तोंड भिंतीभिंतीवर आहे, टॅक्सीत बसलं की तिचं गाणं, न्हाव्याकडे गेलं की तिचं गाणं. तिच्यावर लिहिणारे लिहितात की ती एका स्पर्धेत सापडली. सापडायला ती काय रस्त्यावर पडलेली किल्ली होती? ती घडली आमच्या मजल्यावर, आणि कशी घडली ते मी डोळ्यांनी बघितलं.

शाळा संपली तशी ती धागे कापायला आमच्याकडे लागली. उभं राहून शर्टाचे लोंबते दोरे कात्रीने उडवायचे, दिवसभर. पहिल्याच आठवड्यात आमची जुनी गाणारी बाई खोकल्याने बसली आणि पिपाणीने कडवं उचललं. तेव्हापासून ते तिच्याकडेच राहिलं. गाणं आमचं घरचंच होतं, कुणी लिहिलेलं नव्हतं:

बाहीला बाही जोड गं बाई,
शर्ट झाला, नवरा नाही.

हे धृपद. कडवी रोज नवी. कुणाच्या सासूवर, कुणाच्या भाड्यावर, आणि सगळ्यांत जास्त सुपरवायझरवर. त्याला आम्ही चष्मा म्हणायचो. पिपाणी त्याच्या समोर उभी राहून, कात्री चालवत, निरागस तोंडाने म्हणायची, “चष्म्याची काच पुसू दे गं, आतला माणूस दिसू दे गं,” आणि सगळा मजला हसू दाबून धृपद म्हणायचा. चष्म्याला वाटायचं, काहीतरी देवाधर्माचं चाललंय.

इथवर सगळं बरं होतं. मग ऑफिसातल्या कुणाच्या तरी लक्षात आलं की पिपाणी गाते त्या दिवशी माल जास्त निघतो. झालं. आठवड्याभरात खांबाखांबावर कर्णे चढले, चेकिंगच्या टेबलाशेजारी एक माइक आला आणि पिपाणीच्या हातातून कात्री काढून घेतली. काम एकच, उभं राहून गायचं, आणि चष्मा बोट फिरवेल तेवढं जलद गायचं.

पोरीला काय आनंद झाला म्हणून सांगू. पहिल्यांदा स्वतःचा आवाज कर्ण्यातून ऐकला तेव्हा ती दचकून मागे बघायला लागली, कोण गातंय म्हणून. मग तिच्या तोंडावर जे हसू पसरलं ते मी विसरणार नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कुणाची गरजच नव्हती, ती स्वतःच उड्या मारत चढली. गाणं दिवसेंदिवस पळायला लागलं. आणि गाणं पळालं की धृपद लवकर, धृपद लवकर की बंडल लवकर. कुणी आम्हाला हात उचलून मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. आमच्याच रीतीने आम्हाला पळवलं. थांबायचं म्हटलं तर थांबणार कशी? धृपद संपलं की मागचीचं बंडल तुमच्या मांडीशी येऊन आदळलेलं असायचं.

पहिली मोडली ती कॉलरवालीच. सांधे आधीच सुजलेले, त्यात ही घाई. टोकं बोथट यायला लागली. तिची बंडलं परत आली तेव्हा ती मान खाली घालून उसवत बसली. एके दिवशी सुई बोटातून आरपार गेली. फडकं गुंडाळून ती परत मशीनवर बसली आणि माइकवर तिची लेक गात होती, डोळे मिटून.

त्याच आठवड्यात चष्म्याने सांगून टाकलं. मोठ्या ऑफिसातून माणूस येणार, दिवसभर घड्याळ लावून माल मोजणार, आणि त्या दिवशी निघेल तेवढा माल हे यापुढे रोजचं टार्गेट. ज्यांना झेपणार नाही त्यांना काढणार, आणि त्यांची नावं तो कॉलरवालीच्या मशीनजवळ उभा राहून मनातल्या मनात वाचत होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तिच्यासारख्या आणखी होत्या, चाळिशी-पन्नाशीच्या. त्या गेल्या असत्या तर त्यांना दुसऱ्या कुठल्या कारखान्याने दारात उभं केलं नसतं. पण तिचंच काम आधी जाणार होतं.

तेव्हा आमची युनियन नव्हती. होता तो नुसता राग, आणि त्यातला मोठा वाटा माझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीत मी पिपाणीला जिन्यावर गाठली. ती चिंध्यांच्या पोत्यावर बसून डबा खात होती.

“गळा चांगला आहे तुझा,” मी म्हटलं. “त्याने तू आईचा गळा कापतेयस.”

कडक बोलले, ते आजही मागे घेत नाही. तिच्या हातातला घास तसाच राहिला. तिला खरंच कळलं नव्हतं. माइकवर उभं राहून तिला सगळा मजला दिसायचा, पण ती बघत नव्हती, ऐकत होती, स्वतःला. मी तिला बोट, बंडलं, घड्याळवाला सगळं सांगितलं. आई घरी एक अक्षर बोलली नव्हती. बोटाला काय झालं विचारलं तर दारात चेंगरलं म्हणाली होती.

माझं म्हणणं सरळ होतं. माइकची वायर कापू, कर्णे खाली पाडू, मशिनी बंद करून जिन्यात बसू. पिपाणीने ऐकून घेतलं. मग म्हणाली की मी गायचं बंद केलं तर ते मला काढतील आणि कर्ण्यावर रेकॉर्ड लावतील. ती तर कुणाचंच ऐकणार नाही.

“मग काय करायचं म्हणतेस?”

“मावशी, हळू गायलं तर?”

“चष्म्याला काय कान नाहीत?”

“कान आहेत, ताल नाही. एकदम नाही करायचं. अंधारात जिना उतरवतात तसं, एकेक पायरी. कुणाला कळलं नाही पाहिजे.”

मी म्हटलं, सगळ्या बायकांना सांगून ठेवते. तर माझ्यावरच उखडली. कुणाला सांगायचं नाही, आईला तर नाहीच. बायका मुद्दाम हळू करायला लागल्या तर नाटक होईल, आणि नाटक चष्म्यालाही कळतं. बरोबर होतं तिचं. शंभर बायकांना सांगितलेलं गुपित म्हणजे नोटीस बोर्ड.

घड्याळवाला आला. तरुण होता, नीटनेटका, गळ्यात घड्याळ अडकवलेलं, हातात कागद लावलेली पाटी आणि पेन्सिल. वागायला वाईट नव्हता, सगळ्यांना नमस्कार करून उभा राहिला. पण घड्याळ घेतलेला माणूस पाठीशी उभा राहिला की बाईचा हात आपोआप धावतो. हीच तर भीती होती. गाणं हळू झालं आणि हात पुढे पळाले तर सगळं मुसळ केरात.

सकाळी पिपाणीने रोजच्यासारखं गाडं पळवलं. चष्मा हात चोळत होता. पहिल्या चहानंतर मी कान देऊन बसले. काही फरक नाही. अजून एक कडवं, काही नाही. मला वाटलं, कच खाल्ली पोरीने. मग माझ्या लक्षात आलं की मी धृपदाच्या आधी श्वास घेतेय. सकाळी श्वास घ्यायला जागा नव्हती.

त्यानंतर ती उतरवत गेली, इतकी अलगद की मी वाट बघत असूनही पायरी सापडेना. आधी कडव्याच्या शेवटच्या शब्दाला थोडा झोल दिला. मग ‘शर्ट झाला’ म्हटल्यावर एक क्षण थांबली, जणू कुणाची तरी वाट बघतेय. पुढच्या वेळी तो क्षण अजून जरासा मोठा. काजवाली बाई भेदरट, तिचा हात बंडलावर जाऊन पुढे सरकायला निघाला होता. पिपाणीने तिच्याकडेच बघितलं आणि ‘नाही’ हा शब्द असा लांबवला, असा लांबवला की काजवालीचा हात बंडलावर तसाच टेकून राहिला. धृपद संपल्याशिवाय बंडल हलत नाही. घड्याळवाला पाठीशी असला तरी नाही. रीत ती रीत.

आणि मग एक गोष्ट झाली जी आमच्या दोघींच्याही बेतात नव्हती. ते गाणं आम्ही इतकी वर्षं थट्टेनं म्हणत आलो होतो. हळू झाल्यावर त्यातली थट्टा गळून पडली. शर्ट झाला, नवरा नाही. कुणाचा मेलेला, कुणाचा परगावी, कुणाचा घरात असून नसलेला. दिवसाला शेकड्यांनी शर्ट शिवायचो आम्ही, आणि त्यातला एकही कुणा आपल्या माणसाच्या अंगावर जाणार नव्हता. बटणवाली, जी तोंडाळ म्हणून सगळ्या इमारतीत ठाऊक, ती डोळे पुसायला लागली आणि तूस गेलं म्हणाली. धृपद आता कुणी ओरडत नव्हतं. सगळ्या जणी एका आवाजात, पोटातून म्हणत होत्या. घड्याळवाल्याची पेन्सिल पाटीवर हलके हलके पडत होती, गाण्याबरोबर. त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

दुपारी मात्र त्याने आकडे पाहिले आणि कपाळाला आठी पाडली. चष्म्याला जवळ बोलावलं. म्हणाला, माल कमी होतोय, मोटारी गरम होऊन मंद झाल्या असतील, मिस्त्रीला बोलवा.

मिस्त्री म्हणजे आमच्या मशिनी दुरुस्त करणारा. बुटका, खांद्यावर कायम तेलकट फडकं. सुट्टीच्या दिवशी समारंभांत वाजवणाऱ्या एका बँडमध्ये ड्रम बडवायचा. सगळ्या मजल्यावर ताल कळणारा एकच माणूस, आणि तोच समोर. तो खाली बसला, एका मोटारीवर हात ठेवला, दुसऱ्या मोटारीवर ठेवला. मग मान वर करून त्याने माइककडे बघितलं. पिपाणी गात होती, पण तिचा रंग उडाला होता. त्याला कळलं होतं. मला त्याच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसलं. कॉलरवालीच्या बोटाच्या फडक्याकडेही त्याची नजर गेली.

“मशिनी ठीक आहेत साहेब,” तो फडक्याला हात पुसत उठला. “जेवण झाल्यावर बायका जरा जड होतात. हे रोजचंच आहे.”

चष्मा काही बोलणार होता, पण रोजचं नाही म्हणावं तर दोष त्याच्या देखरेखीवर. त्याने मान डोलावली. घड्याळवाल्याने आकडा टिपला आणि तोच आकडा टार्गेट झाला. सकाळचा पळता आकडा दुपारच्या चालत्या आकड्यात मिसळून गेला. कॉलरवालीला झेपेल असा. तिच्यासारख्या बाकीच्यांनाही.

त्या रात्री जेवणाआधी भिंतीपलीकडून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. कॉलरवाली हात शेकत असावी, भांड्याचा आवाज होता. ती म्हणाली, “माझ्या पायाला कळलं. कानाला नाही, पायाला. तुला काढलं असतं तर?”

“मला कुठेही काम मिळालं असतं, आई. तुला नसतं.”

थोड्या वेळाने कुणीतरी कुणाला तरी वाढलं.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे, तरी आमच्या बाजूने सांगते. माइकचा काही उपयोग नाही असं ठरवून ऑफिसने महिन्याभरात कर्णे उतरवले. मिस्त्रीने पिपाणीला जिन्यात गाठून सांगितलं की मी वीस वर्षं ताल धरतोय, पण एवढ्या लोकांच्या हातातून ताल काढून घेऊन त्यांनाच कळू न देणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं, येत्या सुट्टीला बँडबरोबर ये. ती गेली. पहिल्या समारंभात लोक ताटांत डोकं घालून बसले होते, कुणी वर बघेना. तिने आमचं गाणं काढलं, त्या दिवसाच्या चालीत. मिस्त्री सांगतो की आधी चमच्यांचा आवाज थांबला, मग खुर्च्यांचा. मागच्या दारात वाढपी हातात भांडी घेऊन उभे राहिले.

मग छोटे हॉल, मोठे हॉल. भिंतींना गाद्या ठोकलेल्या एका खोलीत पहिलं रेकॉर्डिंग. गिटार आली, कीबोर्ड आला, आणखी काय काय खणखण आली, पण ‘शर्ट झाला’ नंतरचा तो थांबा तिने कुणाला भरू दिला नाही. वाजवणारे म्हणायचे, इथे काहीतरी टाकू या. ती म्हणायची, तिथे माणसं आहेत. त्या थांब्यावर आज मैदानभर लोक श्वास रोखून उभे राहतात. आम्ही बायका टीव्हीसमोर बसून नावं ठेवायचो, कपडे बघा, केस बघा, चेकिंग न करताच माल बाहेर सोडलाय म्हणायचो, आणि गाणं लागलं की एकमेकींना चापट मारून गप्प करायचो.

भांडण उरलं ते आईचं आणि तिचं. पिपाणीने घर घेतलं, आईला तिथे नेलं. आई गेली, पण कामावर येणं सोडेना. मोठ्या घरातून दोन बस बदलून कारखान्यात. पिपाणीने गाडी दिली तर ती कोपऱ्यावर उतरायची आणि तिथून चालत यायची, इतर जणी काय म्हणतील म्हणून. एकदा पिपाणी स्वतः सुटीच्या वेळी गेटवर आली. गर्दी उसळली, वॉचमन सही घ्यायला धावला. ती सगळ्यांना बाजूला करत आईपाशी आली. तोंडाचा पट्टा तिचा आधीपासूनच सैल. लोक मला विचारतात, एवढी कमावतेस तर आईला अजून कामाला का लावलंस, काय सांगू मी त्यांना, असं भर रस्त्यात.

कॉलरवालीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“सांग, मला कुणी लावलं नाही. मला काढू शकले नाहीत.”

पिपाणी गाडीत बसली आणि मैत्रिणींबरोबर मागून चालत येणाऱ्या आईच्या वेगाने गाडी कोपऱ्यापर्यंत हाकायला सांगितलं. आम्ही बायका हसून हसून वाकलो.

त्यानंतरही ती येत राहिली. चष्मा निवृत्त झाला, त्याच्या जागी नवा पोरगा आला, मशिनी बदलल्या, तिची खुर्ची तीच. मग एका दुपारी, आठवडा अर्धाच झाला होता, तिने एक कॉलर वळवली, टोक बोटाने काढून उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिली. टोक सुईसारखं होतं. तिने बंडल बांधलं. आम्ही धृपद म्हटलं, तिनेही म्हटलं, आणि शेवटचा शब्द पडल्यावर बंडल पुढचीकडे सरकवून ती उठली. मशीनवर कापड टाकलं, सुपरवायझरला सांगितलं की उद्यापासून मी येणार नाही. त्याने कारण विचारलं. ती म्हणाली, कारण काही नाही, आता पुरे वाटलं.

वेळ व्हायला अजून तास होता. ती पिशवी घेऊन खिडक्यांच्या बाजूने दारापर्यंत चालत गेली, सावकाश, आणि तिला घाई करायला सांगणारं मजल्यावर कुणी नव्हतं.